डबे साभार परत

६ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद मागाहून. आधी भांडण.

तुझं खोकं पोचलं. टपालवाल्याने ते छातीशी कवटाळून जिना चढवलं, दारात टेकवलं आणि माझ्या काटकुळ्या दंडाकडे बघून म्हणाला, "काका, व्यायामशाळा काढताय का?" तुझ्या वहिनीला हसू आवरेना. मी गंभीर चेहऱ्याने सही केली.

आत काय काय निघालं? एक ताकदीची पूड, एक प्रथिनांची पूड, संत्र्याच्या चवीच्या क जीवनसत्त्वाच्या गोळ्या (ज्या एखाद्या घोड्याने सुद्धा पाण्याबरोबर घेतल्या असत्या), माशाच्या तेलाचे पिवळे मणी आणि त्या हिरव्या कॅप्सूल. त्यांच्या बाटलीवर लिहिलंय, "मूत्रपिंडांस नवजीवन". आयुष्यभर छापखान्यात लोकांच्या चुका शोधून पोट भरलं, म्हणून अधिकाराने सांगतो: या दोन शब्दांत छपाईची एकही चूक नाही. बाकी सगळीच चूक आहे.

तरी मी न्यायाने वागलो. डायलिसिसला जाताना खोकं बरोबर नेलं आणि डॉक्टरीणबाईंसमोर ठेवलं. त्यांनी हिरवी बाटली उचलली, झाकण सुद्धा उघडलं नाही.

"हे कुणी दिलं?"

"बहिणीने. प्रेमाने."

"प्रेम ठेवून घ्या. खोकं परत करा."

त्याचं कारण असं. माझ्या देहाचा आत यायचा दरवाजा सताड उघडा आहे आणि बाहेर जायचा बंद. तू एखादी गोळी जास्त खाल्लीस तरी बहुधा ती आपल्या पायांनी निघून जाईल. माझ्याकडे आलेली पाहुणी वळकटी सोडते आणि मुक्कामच ठोकते. हे पत्रसुद्धा यंत्राच्या खुर्चीतून लिहितोय. डावा हात यंत्राच्या ताब्यात, उजवा माझ्या. मुद्रितशोधकाला एक पुरतो.

मात्र मी गोळ्यांचा शत्रू आहे असं समजू नकोस. यंत्र घाणीबरोबर चांगलंही धुऊन नेतं, म्हणून ब जीवनसत्त्वाची एक गोळी मला मिळते. ड जीवनसत्त्वाचा एक खास प्रकार मिळतो, कारण साधा माझ्या कामाचा नाही. लोह तर नळीतूनच जातं, आणि खरं सांगतो, ते सुरू झाल्यापासून सबंध पान तपासून होतं; पूर्वी निम्म्यातच अक्षरं पोहायला लागायची. जे कमी आहे ते मोजून बघितलं आणि तेवढंच घातलं. तुझं खोकं म्हणजे न मोजता केलेला दानधर्म.

आता तुझ्या पत्रातली ती ओळ. "दुकानात नव्या फ्रेमा आल्यात" या वाक्याखाली, जणू त्याच मालाबरोबर आली असावी तशी लिहिलीस: "रक्तगट जुळला. एक किडनी मी देतेय."

नाही. दोन आहेत म्हणून त्यातली एक जास्तीची ठरत नाही. तुझ्या दुकानातल्या चष्म्यालाही दोन काचा असतात.

खोकं साभार परत.

दादा


२० जानेवारी

दादा,

तुझं साभार परत पोचलं. सवयच आहे तुला. मी विणलेला स्वेटर परत केलास, तो मोठा होतो म्हणून. मागच्या वर्षी चष्मा करून पाठवला तो परत, नाकाला जड होतो म्हणून. नाकापेक्षा मोती जड असंही वर लिहिलं होतंस. मी विसरलेली नाही.

किडनीचं म्हणशील तर मी विचारलं नव्हतं, कळवलं होतं. आणि चष्म्याच्या दोन काचा तू मला शिकवू नकोस. एकाच डोळ्याने दिसतं असा एक सोनार येतो माझ्याकडे. कानातल्याचे असले बारीक जोड लावतो की माझे दोन्ही डोळे दिपतात. एकावर चालतं. मी रोज बघते.

दवाखान्यातल्या बाईंनी सगळं समजावलं. खूप तपासण्या आहेत, त्यात वजन थोडं उतरवा म्हणाल्या. म्हणून दुकानाच्या शेजारची व्यायामशाळा लावली. तिथल्या मास्तरांना मी मनात दंडोबा म्हणते. त्यांचा दंड माझ्या कमरेएवढा आहे. म्हणजे माझी कमर कमी करायची की त्यांचा दंड, ते अजून ठरलेलं नाही. काल मी नवं घेतलेलं डंबेल उचललं तर म्हणाले, "ताई, छान! आता श्वास सोडला तरी चालेल."

खोक्याचं काय केलं विचारशील. टाकून देऊ? आईने कधी आपल्या ताटात घास टाकू दिला होता? मीच सुरू केलंय. तुला चालत नाही ना? मग माझ्यातून येऊ दे. मी खाणार, माझी किडनी दणकट होणार, ती तुझ्याकडे जाणार. डबे वाया नाहीत, तू नाही म्हणायलाही मोकळा नाहीस. अधिकस्य अधिकं फलम् हे तुझ्याच तोंडून ऐकलंय. फक्त त्या हिरव्या बाटलीचा वास घोटभर पाण्याबरोबरही जाईना, ती कपाटात आहे.

हे म्हणतात, "तुम्ही दोघं बहीणभाऊ मिळून एखाद्या डॉक्टरला सुट्टीवर पाठवाल." पण यांनी होकाराच्या कागदावर सही केली आहे. तुझी तेवढी राहिली.

भिंगरी


४ फेब्रुवारी

भिंगरी,

चारा गाईने खायचा आणि ताकद वासराला, हा तुझा सिद्धांत मी यंत्राच्या खोलीत वाचून दाखवला. पलीकडच्या खुर्चीतले निवृत्त मुख्याध्यापक इतके हसले की त्यांचं यंत्र शिट्टी मारायला लागलं. परिचारिका मलाच रागावली.

खा बाई. तू धडधाकट आहेस, तुला काय होतंय? उद्या दुकानाचं शटर एका बोटाने उचलशील. पण अधिकस्य अधिकं फलम् हे मी दुसऱ्या कप चहाच्या वेळी म्हणत असे, एवढं लक्षात असू दे. ज्या शास्त्रात ते आहे त्याच शास्त्रात अति सर्वत्र वर्जयेत् हेही आहे. आपल्या घराण्यात सगळे अर्धंच शास्त्र वाचतात, आणि तेही सोयीचं.

माझी सही मिळणार नाही. माझी प्रकृती उत्तम आहे. यंत्र आणि मी आता एकमेकांच्या स्वभावाला सरावलोय; जुन्या जोडप्यासारखं, फारसं बोलत नाही पण भेटीची वेळ चुकवत नाही. असंच अजून बरीच वर्षं चालेल. तू दुकान सांभाळ.

दादा


(याच पाकिटात, पत्राच्या घडीत सरकवलेली चिठ्ठी)

भिंगरे,

पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून हे आत घालतेय. "प्रकृती उत्तम" वाचलंस ना? मागच्या आठवड्यात जिन्याखाली कोसळले. समोरच्या सुताराने आणि त्याच्या भावाने उचलून वर आणलं. मला म्हणतात, पाय घसरला. सपाट फरशीवर! डाव्या हाताची नस आता धड चालत नाही, डॉक्टर दुसरी जागा शोधतायत. बरीच वर्षं वगैरे काही नाही गं.

मी तुझ्याकडे काही मागत नाही. मागायला तोंडच नाही. पण त्यांच्या नकाराला तू फार मान देऊ नकोस.

वहिनी


१६ मार्च

दादा,

दवाखान्याने नाही म्हटलं. माझी फाइल थांबवलीय.

कारण विचारू नकोस. दुकानात गर्दी आहे.

भिंगरी


२२ मार्च

भिंगरी,

सुंठीवाचून खोकला गेला!

तुला वाईट वाटलं असेल हे समजतं, पण माझ्यावर उपकार झाले. गेले दोन महिने मी तुला नाही म्हणून म्हणून थकलो होतो. तेच काम शिकल्यासवरल्या माणसांनी एका फटक्यात केलं. आणि माझं काय, तेही सांगतो: मी कुठल्याही बहिणीचं काहीही कापून न घेता जगायचं ठरवलं होतं, तसंच जगेन.

कारण विचारू नकोस म्हणतेस, पण ते सांगायला ज्योतिषी कशाला हवा? वजन! दंडोबांनी हात टेकले असणार. बिचाऱ्यांना माझ्यातर्फे सांग, की आमच्या घराण्यातल्या हाडांना लहानपणापासून बसायचं वळण आहे. ते डंबेल आता दुकानाच्या दाराला टेकू म्हणून लाव, वाऱ्याने आपटतं म्हणायचीस ना? उरलेल्या गोळ्या शेजारच्या पोरांना गोट्या खेळायला दे.

आता मोकळ्या मनाने ये चार दिवस. वहिनी वाट बघतेय.

दादा


२८ मार्च

दादा,

तुला आनंद झाला. बरं झालं, कुणाला तरी झाला.

वजन नव्हतं. वजन मी उतरवलं. रक्तदाब चांगला, साखर चांगली, छातीचा फोटो चांगला. माझ्या किडनीतच खोट निघाली. रक्तातला तो क्रिएटिनिनचा आकडा, ज्याने तुझं सगळं सुरू झालं होतं, तो माझाही वाढलेला आहे. तुझ्या पहिल्या रिपोर्टवरचा आकडा मला पाठ आहे दादा. माझा त्याच्या शेजारी येऊन बसलाय.

एकदा चूक असेल म्हणून त्यांनी पुन्हा बोलावलं. मी मधले दिवस जीव तोडून मेहनत केली. पूड संपली तशी दंडोबांकडून नवे डबे आणले आणि दुप्पट घेतली, व्यायाम वाढवला, संत्र्याच्या गोळ्या वाढवल्या. आकडा आणखी वर गेला. ते म्हणाले, भावाला आहे म्हणजे घराण्यातच असू शकतं, आता तुम्हीच स्वतःला जपा. सगळं नीट विचारलं त्यांनी. कुठलं औषध घेता का, दुखण्याच्या गोळ्या घेता का? नाही म्हटलं. खरंच नाही. साधी डोकेदुखीची गोळी मी घेत नाही.

यांना अजून सांगितलेलं नाही. दुकानात अक्षरांच्या तक्त्यासमोर गिऱ्हाईक बसवते, ते म्हणतं, "याच्या खालची ओळ दिसत नाही हो," आणि मला वाटतं, मलाही दिसत नाही. माझ्या पुढे तूच उभा दिसतोस, यंत्राच्या खुर्चीत, एका हाताने लिहिणारा.

पण मी हातपाय गाळून बसणार नाही. पुन्हा तपासायला लावीन. ती हिरवी बाटली कपाटातून काढली. नाक दाबून सकाळ-संध्याकाळ घेतेय. नवजीवन म्हटलंय तर देऊ दे.

वहिनीला सांगू नकोस.

भिंगरी


२ एप्रिल

भिंगरी,

हे पत्र कुरिअरने पाठवतोय. फोन केला तर तू उचलत नाहीस, आणि उचललास तरी तू बोलणार आणि मी हुं म्हणणार. आज मला बोलायचं आहे.

हे वाचायच्या आधी ऊठ. सगळे डबे बंद कर. हिरवी बाटली आत्ता, या ओळीला. मी थांबतो.

आता बस आणि ऐक. आज डॉक्टरीणबाई यंत्राचे आकडे बघायला आल्या तेव्हा तुझं पत्र माझ्या मांडीवर होतं. मी म्हटलं, "आमच्या घराण्यातच दोष दिसतो. देणारीचाही आकडा वाढला." त्यांनी तुझं वय विचारलं, रक्तदाब, साखर. मी पत्रात बघून सांगत गेलो.

"मग अचानक कसा वाढला? काही घेतात का त्या?"

"औषध एकही नाही," मी म्हटलं, आणि खोड जात नाही म्हणून पुढे जोडलं, "फक्त मी परत केलेलं खोकं खातेय."

त्या हसल्या नाहीत.

"जानेवारीतलं खोकं?"

"तेच."

"ते तुम्ही परत पाठवलं होतंत ना?"

"पाठवलं. तिने खाल्लं."

"सगळं?"

"आमच्याकडे ताटात टाकत नाहीत."

त्यांनी स्टूल ओढून घेतलं. ही बाई कधी बसत नाही, भिंगरी. मुख्याध्यापकांनी वर्तमानपत्र खाली केलं.

त्या म्हणाल्या ते माझ्या शब्दांत सांगतो. ताकदीच्या पुडीत क्रिएटिन नावाचा पदार्थ असतो. तो स्नायूंच्या कामाचा आहे. तुझ्या दंडोबांसारख्या निरोगी माणसाने मापात घेतला तर सहसा बाधत नाही. पण शरीरात तो वापरला गेला की त्याचं जे उरतं तेच क्रिएटिनिन, आणि किडनी किती काम करते हे जोखायला रक्तात मोजतात तेही तेच. तू रोज अंगणात पाट्या भरभरून जादा केर टाकलास, आणि दवाखाना केर बघून म्हणाला, झाडणारा आळशी आहे. झाडणारा बिचारा जीव तोडून झाडत असेल! दुप्पट पूड घेतल्यावर आकडा वाढला तो त्यामुळेच असू शकतो. असू शकतो, हे त्या दोनदा म्हणाल्या, म्हणून मीही दोनदा लिहितो. असू शकतो. खात्री तपासल्याशिवाय नाही.

दवाखान्याने विचारलं, औषध घेता का? तू खरं उत्तर दिलंस, कारण तुझ्या लेखी डब्यातली पूड म्हणजे खाऊ. त्यांनी डब्यांचं विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस. दिवसभर लोकांना बारीक अक्षरं दाखवणारी माझी बहीण स्वतः जे पोटात घालते त्याच्यावरची अक्षरं वाचत नाही. दिव्याखाली अंधार. आणि मी? अक्षरं वाचायचा पगार घेणारा. मी "खा बाई" लिहिलं. तेव्हा अंधार दोन दिव्यांखाली होता.

संत्र्याच्या गोळ्या एवढ्या घेत राहिलीस तर मुतखड्याला आमंत्रण. पण हिरव्या बाटलीचं नाव काढल्यावर त्यांचा चेहराच बदलला. पूड आकडा बिघडवते. असली बाटली खरोखरची किडनी बिघडवू शकते. तिच्यात काय आहे ते बनवणाऱ्याखेरीज कुणाला ठाऊक नसतं, आणि कधीकधी त्यालाही नसतं. "माझ्याकडच्या या खुर्च्यांत असल्या नवजीवनातून आलेली माणसं बसलीत," त्या म्हणाल्या. मी खुर्च्यांकडे बघितलं नाही. मला फक्त एक रिकामी दिसत होती.

आता करायचं ते. सगळं बंद. डंबेलही बंद. तुझ्या डॉक्टरांकडे जायचं, डबे आणि बाटल्या पिशवीत घालून टेबलावर ओतायच्या आणि म्हणायचं, मी हे खात होते. ते काही आठवडे थांबायला सांगतील आणि मग पुन्हा तपासतील. त्या पुडीने फसत नाही अशीही एक तपासणी असते म्हणे, ती मागून घे. तुझ्या यजमानांना सगळं सांग. लपवायचा मक्ता आपल्या घरात माझ्याकडे आहे, आणि जिन्याची बातमी तुला वहिनीने पोचवली हे मला कळलंय. पाकीट जरा जाडच लागलं होतं हाताला.

आणखी एक. घरी आल्यावर मी हे पत्र लगेच लिहायला घेतलं नाही. मला हवं होतं ते आयतं हातात आलं होतं. मी नुसतं "सगळं बंद कर" एवढं लिहिलं असतं तरी तू वाचली असतीस आणि फाइल बंदची बंदच राहिली असती. माझा नकार जिंकला असता. पण मग तू धडधाकट असून जन्मभर आजारी बाई म्हणून आरशात बघितलं असतंस. तेवढी किंमत माझ्या नकाराची नाही.

उंबऱ्यावर ठेवलेला दिवा घरातही उजेड देतो आणि अंगणातही. आमच्या शास्त्रीबुवांनी याला देहलीदीपन्याय म्हणायला शिकवलं होतं. तुझी तपासणी तसा दिवा आहे. तू तो तुझ्या घरासाठी लाव. अंगणात उजेड पडला तर त्याचं काय करायचं ते मी बघेन.

दादा


१० मे

दादा,

तुझं "या ओळीला" वाचलं आणि खरंच उठले. बाटली मोरीत ओतायला निघाले तर हे धावत आले, म्हणाले, "ओतू नकोस, डॉक्टरांना दाखवायचीय!" म्हणजे पत्र माझ्या आधी यांनी वाचलं होतं. कुरिअर यांनी घेतलं, आणि कुरिअर म्हणजे वाईट बातमी अशी यांची समजूत. मग मी रडले, हे रडले, दुकान दुपारपर्यंत बंद राहिलं. बाहेर एक आजोबा फळीवर बसून होते, त्यांचा चष्मा तयार होता. ते म्हणाले, "माझं दिसायचं सावकाश झालं तरी चालेल. तुमचं आवरा."

पिशवी डॉक्टरांच्या टेबलावर ओतली. ते एकेक डबा उचलत गेले आणि शेवटी कपाळाला हात लावला. "अहो, हे आम्हाला सांगायचं राहिलं?" म्हटलं, "तुम्ही औषध विचारलंत, मी दुकान चालवते, विचारलं त्याचंच उत्तर देते." आता त्यांच्या प्रश्नांमध्ये 'पूड, शक्तिवर्धक, जडीबुटी काही?' असा प्रश्न वाढलाय. ते म्हणाले, तुमच्यामुळे.

दंडोबांनाही सांगितलं. एवढा मोठा माणूस, खुर्चीत मावेना असा ओशाळला. "ताई, मी स्वतः घेतो, पण रक्त तपासायचं असलं की आधी सांगतो. तुम्हाला ठाऊक असेल असं वाटलं." मग म्हणाले, "आणि ती हिरवी बाटली माझ्याकडची नाही हां!" खरं होतं. ती मी जाहिरात बघून मागवली होती. तुझ्यासाठी.

मग थांबले. गोळी नाही, पूड नाही, वजन नाही. नुसतं थांबणं मला किती जड जातं तुला ठाऊक आहे. पहिला आठवडा सकाळी हात आपोआप कपाटाकडे जायचा. मग नाही गेला.

दादा, आकडा उतरला. पुडीने न फसणारी ती दुसरी तपासणीही केली, तीही स्वच्छ. हिरवीने इतक्या थोड्या दिवसांत काही बिघडवलेलं दिसत नाही, पण नशीब म्हणा असं बजावलं. माझ्या दोन्ही किडन्या ठणठणीत आहेत. फाइल पुन्हा उघडली, राहिलेल्या तपासण्या झाल्या आणि त्यांनी हो म्हटलं.

गंमत ऐक. माझ्यात खरंच काही कमी निघालं असेल तर ते ड जीवनसत्त्व. चांगलंच कमी. मागच्या खोलीत काचा घासते ना, तिथे खिडकी नाही, सकाळी आत शिरते ती दिवे लागल्यावर बाहेर. दिवसभर उभं राहून पाय दुखायचे, ते डंबेलने जातील असं मला वाटत होतं! आता आठवड्याला एक गोळी, डॉक्टरांनी लिहून दिलेली, आणि काही दिवसांनी पुन्हा रक्त बघणार. गोळी सुरू झाल्यावर जिन्यात पोटऱ्या ओरडायच्या थांबल्यात. एवढ्या खोक्यात जे हवं तेच नव्हतं.

आता तुझी सही. आणि नाही म्हणण्यापूर्वी हे वाच. तू गप्प बसला असतास तर सुटला असतास, असं तूच लिहिलंस. नाही बसलास. माझ्या देहाबद्दलची खरी गोष्ट माझ्यापासून लपवायची नाही असं तू ठरवलंस. मग त्या खऱ्या गोष्टीचं काय करायचं, ते मला ठरवू दे. मला तुझ्यापेक्षा बारीक अक्षर दिसतं; दुकानच तसं आहे. सगळे धोके वाचलेत, शेवटच्या ओळीपर्यंत. एका किडनीने मी कशी जगेन, पुढे दरवर्षी काय काय तपासावं लागेल, सगळं. वाचूनच हो म्हणतेय.

वहिनीला सांगितलंय की तू सही करेपर्यंत तुला पेन्सिलच द्यायची नाही. मग बस हाताची घडी घालून.

भिंगरी


१७ मे

भिंगरी,

आशीर्वाद. यावेळी आधी.

वहिनीने पेन्सिली खरोखर लपवल्या. परवा प्रुफं आली, मी मागितली, तर होकाराचा कागद पुढे सरकवून ती उभी राहिली. तुम्ही दोघी मिळून एखादं राज्य चालवाल.

मी कागद वाचला. पहिल्यांदा चुका काढायला वाचला. दुसऱ्यांदा तुझं नाव जिथे होतं तिथपर्यंत वाचला आणि पुढची ओळ दिसेना. चष्म्याचा नंबर बदलला असेल. मग तुझ्या पत्रातला तो परिच्छेद पुन्हा काढला, 'मला ठरवू दे' वाला. चाळीस वर्षं दुसऱ्यांचे मजकूर दुरुस्त केले. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही सापडलं नाही.

सही केली. यंत्राच्या खोलीत सांगितलं तेव्हा मुख्याध्यापकांनी एका हाताने टाळी वाजवता येत नाही म्हणून मांडीवर थाप मारली. डॉक्टरीणबाई दुसऱ्यांदा बसल्या. नंतरही कुणी काही पाठवलं तर आधी त्यांना दाखवायचं, खायचं नंतर, हे त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं आणि तुलाही कळवायला सांगितलं. कळवलं. तू तुझी आठवड्याची गोळी विसरू नकोस, आणि दुपारी थोडा वेळ त्या बिनखिडकीच्या खोलीतून बाहेर येऊन फळीवर बसत जा. गिऱ्हाइकांचं दिसायचं सावकाश झालं तरी चालतं, हे तुला एका आजोबांनीच सांगितलंय.

तारीख ते कळवतील. तू येताना रिकाम्या हाताने ये. स्वेटर नको, डबे नकोत.

तुझा स्वेटर मी परत केला, चष्मा परत केला, खोकं परत केलं. हे मात्र ठेवून घेतो. डॉक्टरीणबाईंना मी विचारून ठेवलं होतं, समजा नाकाला जड झालं तर? त्या म्हणाल्या, "ही परत करता येत नाही."

बरं झालं. मला तशी वस्तू आजवर कुणी दिली नव्हती.

साभार,
दादा